बाईंचा फोन आणि आमची परीक्षा

गेल्या श्रावणातली गोष्ट. आपल्या शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई रामबागेत एकट्याच राहतात. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. रोज रात्री नऊला त्याचा फोन येतो, हा नेम. त्या रात्री मात्र बाईंचा फोन लागेना. साडेअकराला त्याने घाबरून आमच्यापैकी एकाला उठवले. दोन वर्षांपूर्वी बाईंना पेसमेकर बसवला आहे, त्यामुळे मनात नको नको ते येत होते. भर पावसात आम्ही दोघे स्कूटरवरून गेलो, दार ठोठावले, बराच वेळ उत्तर नाही. शेवटी कडी वाजली आणि बाई झोपेतून उठून समोर उभ्या! फोनची बॅटरी संपलेली. चार्जरची तार फोनला लावलेली होती, पण अर्धवट.

"हात थरथरतात रे," बाई म्हणाल्या. "तार आत गेली की नाही, कळतच नाही. लावली असं वाटलं आणि झोपले."

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत हाच विषय. ज्यावर फोन नुसता टेकवला की चिकटतो आणि तारेविना चार्ज होतो, असा स्टँड बाईंना द्यावा असे ठरले. शिक्षक आणि काही माजी विद्यार्थी मिळून ५,००० रुपये जमले. निवडीचे काम आमच्या विज्ञान मंडळाकडे आले. विज्ञान मंडळ म्हणजे आम्ही दोन शिक्षक आणि नववीतली सात मुले. पुढे लिहिले आहे ते आम्हां नऊ जणांचे.

जेल रोडवर गेलो तर एकाच काचेच्या कपाटात वीस प्रकारचे स्टँड. प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५ वॉट', 'फास्ट', 'मॅग्नेटिक'. किंमत ७०० पासून ६,००० पर्यंत. दुकानदार भला माणूस. "शाळेसाठी आहे ना? दोन घेऊन जा, चार दिवस तपासा, नको तो परत आणा," म्हणाला. तिसरा स्टँड एका पालकांनी घरचा आणून दिला. तो जुना, विनाचुंबकाचा. बाईंकडे आयफोन १३ आहे. तसाच फोन आणखी एका पालकांनी प्रयोगासाठी दिला. त्यांचे आभार.

प्रयोगाआधी मुलांना विचारले, फोन चार्ज कशाने होतो? सातांपैकी पाच जणांचे उत्तर एकच: "चुंबकाने." मोठ्यांचाही असाच समज असतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. स्थिर चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ कितीही वेळ ठेवा, वीज निर्माण होत नाही. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तरच वेटोळ्यात प्रवाह येतो. मायकेल फॅरेडेने हे १८३१ साली दाखवून दिले. स्टँडमध्ये तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते आणि फोनच्या पाठीत दुसरे. स्टँडमधल्या वेटोळ्यातून दर सेकंदाला लाखाच्या घरात दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, त्याचे क्षेत्र सतत बदलते आणि फोनच्या वेटोळ्यात वीज येते. मग चुंबक कशाला? तर दोन्ही वेटोळी बरोबर समोरासमोर यावीत म्हणून. वेटोळी सरकली की वीज कमी पोहोचते आणि जास्त भाग उष्णतेत वाया जातो. चुंबकांचे कडे फोनला ओढून नेमक्या जागी बसवते.

खोक्यावर इंग्रजी 'क्यू-आय' ही अक्षरे दिसतात, त्यांचा उच्चार 'ची'. हे तारेविना चार्जिंगचे जागतिक मानक आहे. २०२० साली ॲपल कंपनीने आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांचे कडे बसवले, त्याला 'मॅगसेफ' नाव दिले. त्याच धर्तीवर २०२३ साली 'ची-टू' हे नवे मानक जाहीर झाले, १५ वॉटचे. पुढे २०२५ मध्ये त्याचाच २५ वॉटचा प्रकार आला. ग्राहकाने ध्यानात ठेवावी अशी गोष्ट ही, की नुसते चुंबक लावून कोणताही स्टँड 'ची-टू' होत नाही. किती वीज घ्यायची हे फोन ठरवतो. प्रमाणित नसलेल्या स्टँडवर, खोक्यावर १५ वॉट छापलेले असले तरी, आयफोन साडेसात वॉटच घेतो.

आता प्रयोग. फोन ३० टक्क्यांवर आणायचा, अर्धा तास ठेवायचा आणि किती टक्के वाढले ते लिहायचे. पाठ किती तापली हे पाहण्यासाठी कोरोनाच्या काळात दारात उभे राहून मुलांची कपाळे तपासायचो तो थर्मामीटर कपाटातून काढला. त्यात वस्तूचे तापमान मोजण्याचीही सोय आहे. पहिल्या दिवशी जुन्या स्टँडवर १३ टक्के वाढले. दुसरा स्टँड ११०० रुपयांचा, चुंबकाचा पण 'ची-टू' नसलेला. त्यावर १४. तिसरा 'ची-टू'चा, २,९०० रुपयांचा. त्यावर १९. पाच टक्क्यांसाठी १,८०० रुपये जास्त कोण देणार? दुसराच घ्यावा असे आमचे जवळजवळ ठरले.

तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून मुले बाईंकडे गेली. बाईंनी चष्मा लावला. पहिला प्रश्न: "प्रत्येक प्रयोग किती वेळा केला?" एकदाच. दुसरा: "तिन्ही वेळा खोलीतला पंखा चालू होता का?" मुलांनी एकमेकांकडे पाहिले. तिसऱ्या स्टँडच्या वेळी कागद उडतात म्हणून आमच्यापैकीच एकाने पंखा बंद केला होता! फोन तापला की तो स्वतःच वीज कमी घेतो, हे आम्हां शिक्षकांना ठाऊक होते. तरी नोंद केली नव्हती.

मग तिसरा प्रश्न आला, आणि खरे तर तोच पहिला असायला हवा होता. "तक्त्याचं नाव 'वेग' कसं? माझा फोन रात्रभर चार्जिंगलाच असतो. मला घाई कसली? हात थरथरताना तो लागतो का आणि सकाळी नीट निघतो का, याचा रकाना कुठे आहे?"

आम्ही कोणासाठी मोजतो आहोत, हेच विसरलो होतो.

पुन्हा सुरुवात केली. पंखा चालू ठेवून प्रत्येक प्रयोग तीनदा केला. सरासरीने जुना १३, दुसरा १४ आणि 'ची-टू'चा २६ टक्के आला. तुलनेसाठी २० वॉटच्या अडॅप्टरला तार लावून पाहिली, तर ३९. म्हणजे वेगच हवा असेल तर तार आजही पुढे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तारेविना वीज नेताना काही भाग उष्णतेत जातोच.

नंतर तिन्ही स्टँड बाईंच्या घरी नेले. बाईंनी प्रत्येकावर दहा वेळा फोन ठेवला आणि दहा वेळा काढला. जुन्या स्टँडवर दहापैकी सहा वेळाच चार्जिंग सुरू झाले, कारण फोन किंचित बाजूला बसायचा. चुंबकाच्या दोन्ही स्टँडवर दहापैकी दहा. फरक पडला तो काढताना. दुसऱ्या स्टँडची बैठक हलकी. फोन ओढला की स्टँडही बरोबर उचलला जाई आणि हिसक्याने सुटे. चार वेळा तसे झाले, एकदा फोन पडता पडता वाचला. तिसऱ्याची बैठक जड, खाली रबर. तो जागचा हलला नाही. फोन सरळ न ओढता वरची कड पुढे कलती करून काढला की चुंबक अलगद सोडते, हे बाईंनीच शोधून मुलांना दाखवले.

दोन अडचणी अजून होत्या. बाईंच्या फोनला पाकिटासारखे जाड कव्हर, त्यात बँकेचे कार्ड आणि लक्ष्मीपूजनातला एक रुपया. त्या कव्हरवर चुंबक धरेना. रुपया मध्ये आला की स्टँडचा दिवा लुकलुके आणि चार्जिंग थांबे. हे योग्यच. बदलत्या क्षेत्रात धातूची वस्तू तापते, म्हणून चांगला स्टँड ती ओळखून थांबतो. चुंबकाच्या कड्याचे पातळ कव्हर घेतले, रुपया देवघरात गेला, कार्ड पर्समध्ये. दुसरी अडचण अडॅप्टरची. स्टँडबरोबर फक्त तार येते. बाईंच्या घरच्या जुन्या ५ वॉटच्या अडॅप्टरवर तो चालेना. २० वॉटचा वेगळा घ्यावा लागला. खरेदी करताना हा खर्च आधीच धरावा.

स्टँड बाईंच्या उशाशी, स्टुलावर ठेवला. फोटो काढले. बाईंनी चिवडा दिला. सगळे निघायच्या तयारीत असताना एक मुलगी खाली बसून खोक्यातली घडीची पत्रिका वाचत होती. बारीक अक्षर, कोणी वाचत नाही अशी. तिने हळूच विचारले, "सर, बाईंना पेसमेकर आहे ना?"

खोलीत सगळे गप्प झाले. चुंबक अगदी जवळ आले तर पेसमेकर आपली नेहमीची पद्धत सोडून ठरावीक गतीने चालू लागू शकतो, आणि चुंबक दूर गेले की पूर्ववत होतो. म्हणून ॲपलच्या सूचनेत असे फोन व चुंबकाची उपकरणे पेसमेकरपासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि तारेविना चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त दूर ठेवायला सांगितले आहे. फूटपट्टी काढली. उशीपासून स्टूल २२ सेंटिमीटर. बाई त्याच कुशीवर झोपतात.

ज्या पेसमेकरच्या धास्तीने आम्ही पावसात धावलो, त्याच पेसमेकरशेजारी आम्ही हौसेने चुंबक नेऊन ठेवले होते. आम्हां मोठ्यांची मान खाली गेली. बाईंच्या हृदयतज्ज्ञांना फोन केला. अंतर पाळा, फोन छातीशी किंवा वरच्या खिशात ठेवू नका, बाकी काळजीचे कारण नाही, असे ते म्हणाले. स्टँड खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्राच्या टेबलावर गेला, पलंगापासून दोन मीटरवर. रात्री फोन वाजला तर उठावे लागेल, ही चुटपुट आम्हाला होती. बाई म्हणाल्या, "उठेन की! हाताशी फोन नसला तर झोपही बरी लागते." मुलाने फोनच्या घंटीचा आवाज मोठा करून घेतला. वाटेत दिव्याची सोय केली.

हिशेब: स्टँड २,९००, अडॅप्टर १,३०० आणि कव्हर ५००, एकूण ४,७०० रुपये. उरलेले ३०० देणगीदारांच्या संमतीने प्रयोगशाळेला दिले. दुसरा स्टँड दुकानदाराने कबूल केल्याप्रमाणे परत घेतला. बाईंनी तपासलेला तक्ता प्रयोगशाळेत लावला आहे. त्यावर लाल शाईत बाईंचा शेरा आहे: "निरीक्षण ठीक. पत्रिका आधी वाचावी."

पालकहो, आपल्या घरी आजी-आजोबांसाठी असा स्टँड घ्यायचा असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर फोन व कव्हर घेऊन प्रयोगशाळेत या. मुले तपासून देतील. मात्र घरात कोणाला पेसमेकर असेल तर ते आधी सांगा. आमची मुले आता सर्वांत आधी तेच विचारतात.