सांदवाडीतला चोपडा दोडका

पुण्याकडे ज्याला घोसाळे म्हणतात आणि खानदेशात गिलके, त्याला आमच्या घरी चोपडा दोडका म्हणतात. अंगावर शिरा असल्या तर शिराचा दोडका, अंग गुळगुळीत असले तर चोपडा. बाजारात मान शिराच्या दोडक्याला. चोपडा तोडला की लवकर नरम पडतो, टोपल्यात घासला की काळा पडतो. म्हणून तो बाजारापेक्षा सांदवाडीतच जास्त दिसतो. घरामागची कुंपण घातलेली भाजीची जागा म्हणजे आमची झाडीपट्टीतली सांदवाडी.

आमचा मुलूख धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी चालू असते, होता-नव्हता तो पैसा बांधीच्या चिखलात गेलेला असतो. त्या दिवसांत भाजी विकत आणायची सवय आमच्याकडे नव्हतीच. जंगल होते ना! पहिल्या पावसानंतर सात्या, मग वास्ते, मग काटवल. बाया सकाळी जात, दुपारपर्यंत ओटी भरून येत.

गेल्या काही वर्षांत ते बदलले. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल ह्या भागात वाघाने माणूस नेल्याच्या बातम्या आता नव्या राहिल्या नाहीत. आमच्या गावची एक बाई काटवल आणायला गेली, ती परत आली नाही. घरी दोन लेकरे. त्या दिवसानंतर आमच्या मंडळीने जंगलात पाय टाकला नाही. म्हणाली, "अजी, भाजीसाठी जीव थोडीच द्याचा हाये? सांदवाडी भरा."

मग सांदवाडी भरायला घेतली, आणि त्यात सगळ्यात जास्त साथ दिली ती ह्या चोपड्या दोडक्याने. मृगाचा पाऊस पडला की आळे करायचे, कुजलेले शेणखत टाकायचे, तीन-चार बिया लावायच्या आणि उगवल्यावर जोमदार दोन वेल ठेवायचे. वर बांबूचा मांडव, नाहीतर सरळ गोठ्याच्या कौलावर चढवायचा. साधारण दोन महिन्यांत पहिली भाजी हाती येते. फूल उमलल्यापासून आठवड्याच्या आत फळ तोडावे. उशीर केला की आत जाळी धरते.

खाण्याचे प्रकार तर विचारू नका. चण्याच्या डाळीत घाला, वाळके झिंगे टाकून रस्सा करा, चकत्या बेसनात बुडवून तळा. सालीची तीळ घालून चटणी होते, फुलांची भजी होतात. एक खूण मात्र लक्षात ठेवा. तोडल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि फळ फेकून द्यावे. तो कडूपणा शिजवून जात नाही, खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात.

माझे शिक्षण दहावी. पण आमच्याच जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, नागभीड तालुक्यातले, दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंतच शिकलेले होते. १९८३ साली त्यांनी आपल्या पटेल-३ धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे ठेवले आणि वर्षानुवर्षे निवडत एचएमटी धान उभे केले. २०१८ साली ते गेले. त्यांच्यापासून मी एवढेच घेतले की कास्तकाराने पाहत राहावे. म्हणून एक वही केली.

त्या वहीतली पहिली नोंद मंडळीची आहे. तिने सांगितले की शिराच्या दोडक्याचे फूल सांजेला उमलते आणि चोपड्याचे पहाटे. मी आठ दिवस पाहिले, तसेच निघाले. म्हणून दोन्ही वेल एकाच मांडवावर असले तरी त्यांची सरमिसळ सहसा होत नाही. बियाही वेगळ्या. शिराच्या दोडक्याची बी खरबरीत, चोपड्याची गुळगुळीत आणि कडेला बारीक पातळ किनार.

दुसरी नोंद फुलांची. आधी घोसाने येतात ती नर फुले, ती गळतात. लोक घाबरतात, वेल वांझ निघाला म्हणतात. थांबावे. मागून एकेकटे मादी फूल येते, त्याच्या देठाशी बारीक दोडका असतोच.

तिसरी नोंद फळमाशीची. माशी कोवळ्या फळात अंडी घालते, तिथून चिक येतो, फळ वाकडे होते, आत अळ्या पडतात. अशी फळे मांडवाखाली टाकून देऊ नयेत, कारण अळी मातीत शिरून कोष करते. ती खोल पुरावी. क्यू ल्यूरचा सापळा टांगला तर नर माश्या त्यात अडकतात.

दुकानात संकरित बीही मिळते. फळ एकसारखे येते, पण त्याचे बी धरले तर पुढच्या साली वेल तसा निघत नाही, दरवर्षी पाकीट घ्यावे लागते. पुसा चिकणी, फुले प्राजक्ता ही सुधारित वाणे आहेत, त्यांचे बी धरता येते. आणि आपले घरचे बी ठेवणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यातच लिहिलेला आहे.

बी शुद्ध ठेवायचे तर उद्या उमलणाऱ्या मादी फुलाला आणि नर फुलाला सांजेलाच कागदाची पुडी बांधावी. पहाटे नर फूल तोडून मादी फुलावर फिरवावे, पुडी परत बांधावी, देठाला रंगीत दोरा. ते फळ तोडायचे नाही.

पहिल्या साली बी निघाले तेव्हा मंडळीने सात घरी वाटले. पहिली पुडी तिने त्या दोन लेकरांच्या घरी नेली.

मागच्या माघात त्या घरची मोठी पोरगी वाळलेला दोडका घेऊन माझ्याकडे आली. देठाला लाल दोरा होता. "मोठेबाबा, हा बियाले चालते का?"

मी हलवून पाहिला. तपकिरी, हलका, आत बिया खुळखुळत होत्या. टोकाचे झाकण उघडून तिने स्वतःच बिया सुपात झाडल्या आणि मोजल्या. जाळी घरी नेली, भांडी घासायला.