काकाच्या पगारावर

माझं हायस्कूल ज्या पैशावर झालं, तो मिळवणाऱ्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. मराठा पलटणीतला तो शिपाई १९४४ साली इटलीत मारला गेला, तेव्हा मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. त्याच्या आईला पेन्शनची मनिऑर्डर यायची आणि त्यातून माझी फी जायची.

आमची वाडी साखरच्या वर, डोंगरात. चौथीपुढे शाळा नाही, म्हणून वडिलांनी मला पोलादपूरला आजींकडे ठेवलं. नात्यानं त्या आमच्या कोणी नव्हत्या. वडील आणि आजींचा तो शिपाई मुलगा एकाच दिवशी भरतीला गेले होते. वडील छातीच्या मापात बसले नाहीत, तो बसला. एवढाच धागा.

आमच्या मुलखात पलटणीत जाणं नवलाचं नव्हतं. महाड तालुक्यातलं आंबवडे तर ‘फौजी आंबवडे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून १११ जण गेले, सहा परतले नाहीत. वरकस जमिनीतली नाचणी-वरी वर्षभर पुरत नसे. उरलेले महिने मुंबईच्या गिरणीवर नाहीतर पलटणीवर निघायचे.

मनिऑर्डर आली की आजी अंगठा उठवायच्या, शाई लुगड्याच्या काठाला पुसायच्या आणि ओट्यावरच पैशांच्या वाटण्या करायच्या. वाण्याची उधारी, रॉकेल, मग माझी फी. ती हातावर ठेवताना म्हणायच्या, “बाला, काकाचा पगार हाय. नीट शीक.” काकाची पदकं पत्र्याच्या पेटीत होती. इटलीच्या पदकाची लाल-पांढरी-हिरवी फीत दमट हवेनं विटली होती. दसऱ्याला कोयत्या-विळ्याशेजारी तीही पुजली जायची.

एका वर्षी शाळेत मला नाईक यशवंत घाडगे यांच्यावर भाषण करायचं होतं. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, काकाच्याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच चालून गेले. हातबाँबनं मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगननं मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीची नळी धरून उरलेल्या दोघांना ठोकून काढलं आणि जिंकलेल्या मोर्च्यातच गोळ्या लागून पडले. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती आला.

पाठांतर मी आजींसमोर म्हणत होतो. ‘बाकी सगळे’ आलं आणि त्यांनी थांबवलं. “त्यांची नावं काय?”

नावं माझ्या कागदात नव्हती.

“माझा त्यांच्यात असंल,” त्या म्हणाल्या.

त्यांना आलेल्या कागदात मुलगा लढाईत कामी आला एवढंच होतं. कुठल्या डोंगरावर, कोणाशेजारी, काही नाही. लक्ष्मीबाईंचं दुःख त्यांना आपलंच वाटायचं, पण म्हणायच्या, “तिला कळलं तरी, कसा गेला ते.” त्यानंतर कितीदा तरी त्यांनी मला ते भाषण म्हणायला लावलं, आणि दर वेळी त्याच वाक्यापाशी थांबवलं. घाडग्यांचा पराक्रम मी आजही अभिमानानं सांगतो. पण ‘बाकी सगळे’ म्हणताना माझा आवाज आपसूक खाली येतो.

इटलीच्या लढाईत ५,७८२ भारतीय सैनिक पडले. २०२३ मध्ये तिथल्या माँतोने गावात घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं. ते वाचलं आणि आजी असायला हव्या होत्या असं फार वाटलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं असतं, बाकीच्यांची नावं लिहिलीत का?

त्या होत्या तेव्हा, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून लुगडं आणि थोडे पैसे घेऊन त्यांच्याकडे गेलो. लुगडं त्यांनी कपाळाला लावून ठेवून घेतलं. पैसे परत माझ्या खिशात घातले. “तुमच्या वरच्या आळीतला एक पोरगा औंदा पाचवीला यायचाय,” म्हणाल्या, “माझ्याकडंच राहील. त्याची फी तू भर.”

भरली. त्याच्यामागून त्याची बहीणही आली.