अंगणातील शिल्प

देवाच्या मूर्तीशी वागण्याची रीत एक आणि कलावंताच्या शिल्पाशी वागण्याची रीत दुसरी, हा भेद आमच्या लोकांना फारसा मान्य नसावा. ज्याच्या अंगणात एखादे शिल्प आहे त्याला याचा प्रत्यय दर पावसाळ्यानंतर येतो. शेजारी येतात, शेवाळ पाहतात आणि मोठ्या सहानुभूतीने विचारतात, "रंग केव्हा देणार?"

नाशिकच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. वणीच्या गडावरील सप्तशृंगीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत आला. २०२२ साली ती पुटे उतरविली, तेव्हा त्यांखालचे कोरीव मूळ रूप लोकांच्या दृष्टीस पडले. शेंदूर चढविणाऱ्यांना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. भक्ताचा हात देवीकडे जात असतो, पाथरवटाकडे नव्हे. गोदेच्या पात्रातील दुतोंड्या मारुती तर आम्हां नाशिककरांस पुराचे मापच होऊन बसला आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, एवढेच आम्ही विचारतो. तो घडविला कोणी, हे विचारण्याची गरज कोणास भासत नाही.

परंतु ज्या शिल्पाला देवत्व नाही, त्याच्यापाशी कर्त्याच्या हाताखेरीज दुसरे आहे काय? आमच्या अंगणात जास्वंदीच्या आळ्याशेजारी, मांडीवर सूप घेऊन धान्य निवडणारी एक सिमेंटची स्त्री बसलेली आहे. ती घडविणारे गृहस्थ आमचे स्नेही होते. आज ते हयात नाहीत. लौकिकाचा त्यांना कंटाळा असे, म्हणून नाव लिहीत नाही. पाठीवर लुगड्याच्या चुण्या पाडताना त्यांनी ओले सिमेंट अंगठ्याने दाबले होते. ते खळगे अजून तसेच आहेत. छायाचित्रात माणसाचा चेहरा उरतो, पत्रात अक्षर उरते. येथे आपला अंगठा त्यांच्या अंगठ्याच्या जागी टेकविता येतो. पावसाळ्यात सुपात पाणी साचते व बुलबुल ते पितात. तिन्हीसांजेला येणारा नवखा पाहुणा तिलाच, "घरात कोण आहे?" म्हणून विचारतो.

सिमेंट हे गरिबाचे माध्यम, असे कोणी म्हटले की आम्हांस विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) आठवतात. पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा त्यांनी १९२८ साली पुरा केला. आणि त्याच हातांनी अलिबागेजवळच्या सासवणे या आपल्या गावी, घरच्या अंगणासाठी सिमेंटची म्हैस घडविली. ती पाहिल्यापासून आमचे मत असे झाले आहे की, पुतळ्यापेक्षा म्हैस अवघड. पुतळ्याच्या मदतीला इतिहास धावतो. म्हशीच्या मदतीला कोणी येत नाही. तिला आपल्या पाठीच्या कण्यावर आणि कातडीच्या घड्यांवरच उभे राहावे लागते. त्या घराचे पुढे शिल्पालय झाले आणि घरच्या माणसांनी ते जतन केले, हे करमरकरांचे भाग्य.

आता आमच्या निवडणारीच्या मनगटाला फट पडली आहे व तीतून तांबूस ओघळ उतरला आहे. सिमेंट दगडासारखे दिसले तरी दगड नव्हे. त्याच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. नवे सिमेंट आपल्या क्षारगुणाने त्यांचे रक्षण करते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे हा गुण हळूहळू ओसरतो, ओल सळीपर्यंत पोचते, लोखंड गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागत असल्यामुळे वरचे कवच आतून फुटते. गवंड्याला विचारले, तर त्याचा उपाय तयार होता: सर्वांगाला नवा गिलावा, वर तैलरंग. गिलाव्याने अंगठ्याचे खळगे बुजणार, तैलरंगाने ओल आत कोंडणार, आणि सिमेंटच्या क्षाराने त्या रंगाचे पापुद्रे सुटणार! तारेचा ब्रश आणि आम्ल यांची शिफारस करणारेही भेटले.

दुसऱ्या टोकाचे रसिक म्हणतात, "हात लावू नका, काळाला आपले काम करू द्या." हे ऐकावयास गोड आहे. परंतु असे म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा शिल्प नसते. काळाने आपले काम केले म्हणजे सूप धरणारा हात जमिनीवर येईल, एवढेच.

तेव्हा फटीपुरते सिमेंट उकरावयाचे, सळी घासून तिला गंजरोधक लेप द्यावयाचा आणि तेवढीच जागा भरून काढावयाची, असे आम्ही ठरविले आहे. भरलेला भाग निराळ्या छटेचा दिसेल. तो लपवू नये, असे कारागिरास बजावले आहे; आमच्या स्नेह्यांचे काम कोठे संपले व दुसऱ्याचे कोठे सुरू झाले, हे पाहणाराला कळले पाहिजे. शेवाळ मऊ कुंचल्याने व साध्या पाण्याने निघेल तेवढे काढावयाचे. पाठीकडे मात्र कोणी फिरकावयाचे नाही. काम दिवाळीनंतर, ओल ओसरल्यावर होईल. तोवर सुपातील पाण्यावर बुलबुलांचा हक्क आहे.