कोसबाडची सुकट आणि व्हिएतनामी कोळंबी

डब्यात सुकट नेली म्हणून माझ्या मुलीला क्लासमधल्या मैत्रिणींनी पलीकडे जाऊन बसायला सांगितले. ही गोष्ट तिने घरी आठ दिवसांनी सांगितली. मी स्वतः बावीस वर्षे कारकुनी केलेला माणूस. सुकटीचा डबा जिन्याखाली उभ्याने संपवण्याचा अनुभव मलाही आहे. त्यामुळे तिला काय सांगावे ते सुचेना. सुट्टी लागताच तिला घेऊन कोसबाडला धाकट्या बहिणीकडे गेलो.

२०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल झाल्याने प्रवास सोपा झाला आहे. स्टेशनातून रिक्षा केली की चिकूच्या वाड्या आणि मधूनच ताडाची झाडे दिसू लागतात. कोसबाडची टेकडी ओळखली जाते ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यामुळे. १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम त्यांनी १९५६-५७ च्या सुमारास येथे आणले. वारल्यांची मुले गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. माझी बहीण जवळच्याच एका पाड्यावर अंगणवाडीत काम करते. तिच्या स्वयंपाकघरात वर टांगलेल्या डब्यात वर्षभराची सुकट असते.

मुलीने मोबाईलवर व्हिएतनामची कोळंबी पाहिली होती, तीच आत्याला करून घालायची असा तिचा हट्ट. डहाणूच्या बाजारात दर ऐकून मी अर्ध्या किलोवरच थांबलो. याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला २०२४ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. कोळीणमावशी वजन करता करता म्हणाली, "आज घ्या दादा. पुढं कोळंबी मिळंल का, ते बंदराला विचारा."

घरी आल्यावर अडचण उभी राहिली. त्या पदार्थाला माशाच्या पाण्याची बाटली लागते. त्याला ते लोक नुऑक माम म्हणतात. मुंबईच्या मोठ्या दुकानांत ती मिळते, कोसबाडला कुठून मिळणार? ती कशी करतात ते मुलीने वाचून दाखवले. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतले लहान मासे मिठात थरावर थर घालून लाकडी पिंपात वर्षभर मुरवायचे आणि खाली झिरपणारे तांबूस पाणी काढून घ्यायचे. फू क्वोक नावाचे बेट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. लहान कोळंबी मिठात आंबवून जांभळट लगदाही करतात, त्याचा वास तर सुकटीच्या वरताण. तरी त्या देशात मजुराच्या आणि श्रीमंताच्या, दोघांच्याही जेवणात हे असते.

बहीण ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे दादा, ही आपल्या सुकटीची चुलतबहीणच की!"

आणि तिनेच मार्ग काढला. मूठभर सुकट कोरडीच भाजली, कपभर पाण्यात मीठ घालून उकळली, फडक्यातून गाळली. त्या बाटलीची अगदी तीच चव नाही येत, हे मी कबूल करतो, पण काम भागते.

पुढचे सोपे आहे. कोळंबी सोलून मधला काळा धागा काढावा. कढईत दोन चमचे साखर मंद आचेवर एकटीच वितळू द्यावी. ती चहाच्या रंगाची झाली की लगेच चमचाभर तेल, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेला लहान कांदा टाकावा. येथे लक्ष हलले की साखर कडू होते. आमची पहिली खेप तशीच गेली. मग कोळंबी, सुकटीचे पाणी आणि अर्धा पेला शहाळ्याचे पाणी घालावे. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत रस आटून कोळंबीला चिकटतो. वरून भरपूर मिरपूड, एखादी हिरवी मिरची. सोबत नुसता पांढरा भात. हळद नाही, मसाला नाही, याचे बहिणीला शेवटपर्यंत नवल वाटत होते.

(व्हिएतनाममधले अनेक बौद्ध उपासक पौर्णिमेला आणि चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी शाकाहार करतात. आपल्याकडेही पुष्कळ घरांत पौर्णिमेला उपोसथ असतो. तेव्हा बेत दुसऱ्या दिवशी करावा.)

वासाने शेजारची वारली आजी आली. तिने बोटाने रस चाखला आणि साखर कशाला घातली म्हणून आम्हालाच रागावली. तिच्या घरी सुकटीत कच्चा आंबा पडतो, भाताबरोबर खातात, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्यावरच दिवस निघतात. मुलगी तिच्याजवळ बसून आंबा कधी घालायचा, किती घालायचा, हे विचारत राहिली. जाताना आजीने कागदात बांधून थोडी सुकट दिली.

क्लास सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशी मुलीने स्वतःच ती कोळंबी केली आणि डबा भरला. निघताना दारात थांबून विचारले, "पप्पा, व्हिएतनामची म्हणून सांगू, की आत सुकटीचं पाणी आहे तेही सांगू?"

मी म्हटले, "तुला वाटेल तसं सांग."

संध्याकाळी डबा रिकामा आला. झाकणाला वास तेवढा होता.