आजीचा जमाखर्च

दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक नावेसमोर कुठे तरी एक जमा असतेच, असे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजीच्या आजारपणाचे खाते लिहायला घेतले आणि तिथे माझी विद्या अडली.

आम्ही बेळगावच्या वडगावातले, घराणे विणकरांचे. आजोबा मागावर बसत, आजी कांड्या भरी. २०२३च्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, कर्ज झाले, आजी घरी आली. खरा खर्च तिथून सुरू झाला. औषधे, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या, तपासण्या, रिक्षा मिळून महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास. जमेच्या बाजूला संध्या सुरक्षा योजनेचे १,२०० रुपये. (तिचा कानडी अर्ज मीच भरला. तेव्हापासून गल्लीतली म्हातारी माणसे कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मला ‘सायेब’ म्हणतात.) केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचे आरोग्य संरक्षण सुरू केले, पण ते रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. घरी आलेल्या म्हातारीला रोज उठवायचे, बसवायचे, चालवायचे, त्याचे खाते कोणत्या योजनेत?

ते खाते आमच्या काकूच्या नावावर आहे. काकू ब्लाउज शिवायची. महिन्याला सहा-सात हजार सुटत. आजी पडल्यापासून मशीनवर चादर आहे. कोणती गोळी जेवणाआधी, साखर कधी तपासायची, हाडाच्या डॉक्टरांनी दिलेले औषध रक्तदाबाच्या डॉक्टरांना चालते का, हे सगळे तिच्याच डोक्यात. दोन्ही डॉक्टर एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्यामध्ये पिशवी घेऊन काकू उभी. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ज्याला समन्वय म्हणतात तो हाच, फक्त बिनपगारी.

तिचे बुडालेले उत्पन्न म्हणजे अर्थशास्त्रातला संधी खर्च. कानडीत त्याला ‘अवकाश वेच्च’ म्हणतात. आपल्या मराठी कानाला तो रिकाम्या वेळेचा खर्च वाटतो, आणि काकूच्या बाबतीत तोही अर्थ खोटा नाही. मी ते सहा हजार नावे लिहिले तेव्हा बाबा वही बघून गप्प राहिले. काकू मात्र हसली. म्हणाली, “लिहिलेस खरे, पण देणार कोण?”

प्रश्न थट्टेचा होता, तरी उत्तर शोधावेसे वाटले. जपानने ते एप्रिल २००० मध्ये शोधले. तिथे चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण शुश्रूषा विम्याचा हप्ता भरतो. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. बहुतेक म्हाताऱ्यांना स्वतः दहा टक्केच द्यावे लागतात. मला त्याहून आवडले ते असे की, घरी येणारी मदतनीस, परिचारिका, दिवसाचे केंद्र या सगळ्यांची सांगड घालणारा एक माणूस तिथे पगारी असतो. म्हणजे काकूचे काम, पण हुद्द्यासकट.

जपान श्रीमंत, आपल्याला कसे जमावे, असे कोणी म्हणेल. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण केरळ तर दूर नाही. तिथे २००८ साली सरकारने उपशामक सेवेचे धोरण केले. परिचारिका घरोघरी फिरते, शेजारचीच माणसे थोडे शिकून हातभार लावतात, आणि पंचायती आपल्या निधीतून त्यासाठी पैसा काढतात. त्याने सगळे भागते असा माझा दावा नाही. रात्री कूस वळवायला परिचारिका येत नाही. पण दार वाजवणारे कोणी तरी असते.

मग मी आमची गल्ली मोजली. अंथरुणाला खिळलेली किंवा वॉकरवर चालणारी सहा माणसे निघाली, तीन मराठी घरांत, तीन कानडी. सहा घरे आपापल्या रिक्षाने आपापल्या डॉक्टरांकडे जातात. आठवड्यातून दोनदा एक परिचारिका सहाही घरी फिरली तर तिचा खर्च सहांत वाटला जाईल आणि रिक्षाचे निम्मे भाडे वाचेल. मी तसा तक्ता दोन्ही भाषांत तयार केला आहे. तो गल्लीतल्या पंचांपुढे ठेवायचा आहे. काकूनेही यायचे कबूल केले आहे; तिची अट एकच, बैठक दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान घ्या, तेव्हा आजी झोपते.