त्याला रंग दिसतात, बरं का!

“म्हणजे त्याला सगळं काळं-पांढरंच दिसतं का हो?” आमच्या धाकट्याला रंगांधळेपणा आहे म्हटलं, की अमरावतीतल्या आमच्या शेजारणी हेच विचारतात. नाही हो! निळा-पिवळा त्याला छान कळतो. लाल, हिरवा, तपकिरी यांचीच गल्लत होते. टमाटर (आमच्या अकोल्याकडचं भेदरं) पिकलं की नाही, ते तो दाबून सांगतो.

माझ्या वडिलांचंही असंच. त्यांच्याकडून माझ्याकडे अन् माझ्याकडून मुलाकडे आलेलं हे. मला स्वतःला मात्र सगळे रंग दिसतात! “माहेराहून आणलं हे,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा फार लागलं. शेवटी ठिपक्यांतले आकडे वाचायला लावून तपासणाऱ्या डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवून समजावलं. यावर औषध नाही, पण नजरही अधू होत नाही. आता त्याच नातवाचे मोजे जोडीजोडीने गुंडाळून ठेवतात.

रंगखडूंवर मी नावं लिहून दिली. शाळेतही हिरव्या फळ्यावर लाल खडू वापरत नाही. वर्गात असं आणखी एखादं मूल असू शकतं. सिग्नलचं म्हणाल, तर लाल दिवा वर, हिरवा खाली. २०२० पासून सौम्य अन् मध्यम दोष असलेल्यांना वाहन-परवानाही मिळतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची दारं २०२२ साली सुप्रीम कोर्टाने अशा मुलांना उघडून दिली.

रेल्वेचं तसं नाही. बडनेऱ्याला गेलो की पोरगं इंजिनाकडेच धावतं. ड्रायव्हर व्हायचंय त्याला! ते काम त्याला मिळायचं नाही, हे दहावीच्या आत सांगायचं, एवढं आम्ही दोघांनी ठरवलंय. कोणी सांगायचं, ते मात्र ठरत नाही.