मुखत्यारपत्राचे वैगुण्य

स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या मावशीची कागदपत्रे आज चाळीत असता, तिने मोठ्या दूरदृष्टीने माझ्या नावे करून ठेवलेले कुलमुखत्यारपत्र हाती आले. आणि ज्या दिवसासाठी तिने ते केले, नेमके त्याच दिवशी ते निर्जीव व्हावे, ही कायद्याची रीत मनाला बोचली. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमान्वये, मुखत्यार नेमणाऱ्याची बुद्धी ढळली की मुखत्यारकी संपुष्टात येते. पाऊस लागताच मिटणारी ही छत्री! १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मिळकतीसाठी न्यायालयीन चौकशीअंती व्यवस्थापक नेमण्याची तजवीज होती. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या प्रतिष्ठेचा कैवार घेतला, हे स्तुत्यच, परंतु मिळकतीचे ते प्रकरण मात्र गाळले, आणि १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांपुरताच असल्याने, वार्धक्यात बुद्धी हरवलेल्यांच्या आप्तांना बहुधा उच्च न्यायालयात रिट अर्ज गुदरून पालकत्व मागावे लागते. तितकी ऐपत कितीजणांची?

तथापि सारी सत्ता माझ्याच हाती यावी, हेही मला रुचत नाही, कारण आप्तांइतके मिळकतीवर डोळा ठेवणारे दुसरे कोण असते! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्व, ज्यात पालकाने त्या व्यक्तीच्या इच्छेस अनुसरून संयुक्त निर्णय घ्यावयाचा असतो, मला अधिक न्याय्य वाटते. मावशीला भाजीचा हिशेब लागत नाही, हे खरे. पण पाटल्या कोणत्या सुनेला द्यायच्या नाहीत, हे ती अजूनही ठणकावून सांगते.